वाढत्या अंगाची खोली

आमच्या घरात मापाची वस्तू आणायची पद्धत नाही. माझा पाचवीतला सदरा मला सातवीत मापाचा झाला आणि तोवर त्याची कॉलर गेली होती. लक्ष्मी रोडवरच्या दुकानात शिरल्यावर आई ‘याच्या मापाचं दाखवा’ असं कधी म्हणाली नाही. ‘वाढत्या अंगाचं दाखवा’ म्हणाली. दुकानदारही माझ्याकडे न बघता दोन नंबर मोठं काढायचा. पँटला आतून चार बोटं दुमड, बुटात पुढे कापसाचा बोळा, आणि मनगटावरून बोटांपर्यंत आलेल्या बाह्या, असा मी लहानाचा मोठा झालो. आजही एखादा शर्ट पहिल्याच दिवशी अंगाला नीट बसला, तर आपण फसलो असं मला वाटतं.

त्यात माझी नोकरी आयुर्विम्याच्या कार्यालयात. आज लावलेलं रोप वीस वर्षांनी बघायला या, असं लोकांना सांगणं हा आमचा धंदा. तेव्हा आमच्या वल्लरीला स्वतःची खोली करून द्यायची असं ठरल्यावर ती कशी होणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

वल्लरी तेव्हा पाच वर्षांची होती. ती आमच्या दोघांच्या मध्ये झोपायची. मध्ये म्हणजे आडवी. डोकं आईच्या कुशीत आणि पाय माझ्या बरगडीत. “जूनमध्ये ती पहिलीत जाईल. त्याच्या आत ती आपल्या खोलीत एकटी झोपायला लागली पाहिजे,” असं नम्रतानं, म्हणजे माझ्या बायकोनं, जाहीर केलं होतं. माझ्या बरगडीचाही त्याला पाठिंबा होता. सदाशिव पेठेतल्या आमच्या फ्लॅटमध्ये एक छोटी खोली होती. तिच्यात पंख्याची, मिक्सरची आणि टीव्हीची रिकामी खोकी राहत होती, कारण घर बदलायची वेळ आली तर खोकं लागतं. घर बदलायची वेळ काही येत नव्हती. मी खोकी माळ्यावर चढवली आणि मोजपट्टी घेऊन आत शिरलो.

इथवर सगळं शांतपणे झालं असतं. पण त्याच रविवारी आम्ही आमोदकडे जेवायला गेलो. आमोद हा नम्रताचा धाकटा भाऊ. हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये आहे, बाणेरला राहतो, आणि वाक्य मराठीत सुरू करून कुठंही संपवतो. त्यानं आपल्या मुलाची खोली दाखवली. भिंतींवर ढग, छताला चांदण्या आणि पलंग मोटारीच्या आकाराचा. चाकं, दिवे, सगळं होतं. मुलगा मात्र बाहेर सोफ्यावर झोपला होता, कारण मध्यंतरी त्याचं मन मोटारीवरून डायनोसॉरवर गेलं होतं.

“थीम चेंज करतोय भावोजी,” आमोद म्हणाला. “डिझायनरला सांगितलंय. एव्हरी टू इयर्स रिफ्रेश करायचं. किड्स ग्रो अप ना.”

“आमची खोली एकदाच होईल,” मी म्हणालो. “वल्लरीचं कॉलेज संपेपर्यंत तिथं पुन्हा हातोडा लागणार नाही.”

हे मी पुरणपोळीच्या चौथ्या घासाला म्हणालो आणि नम्रतानं ताटाकडे बघत मोठा श्वास घेतला. लग्नाला दहा वर्षं झाल्यावर बायकोच्या श्वासाचा अर्थ कळतो. पण माणसानं मेहुण्यासमोर एकदा शब्द टाकला की तो परत उचलता येत नाही.

पहिला प्रश्न होता, वल्लरी किती उंच होणार? कपाटाची दांडी, टेबल, पलंग, आरसा, दिव्याचं बटण, सगळं त्यावर अवलंबून होतं. मुलांच्या डॉक्टरांना विचारलं, तर त्यांनी तिला ताप आहे का ते पाहिलं, नाही म्हटल्यावर माझ्याकडे पाहिलं आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. मग मी शेजारच्या घैसासकाकांना विचारलं.

दीनानाथ घैसास पाटबंधारे खात्यातून इंजिनियर म्हणून निवृत्त झालेले, आणि आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. आयुष्यभर पाणी अडवलं आणि निवृत्तीनंतर माणसं अडवायला घेतली. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. फार वेळ लागला नाही.

“मुली बापावर जातात,” ते म्हणाले. “स्टूल करून ठेवा. कायम लागेल.”

मी नम्रताच्या माहेरची मंडळी जमेस धरली आणि पाच फूट चार इंच हा आकडा पक्का केला. त्याहून वाढली तर तिचं नशीब.

मग परवानगी. भिंतीत कपाट ठोकायचं तर सोसायटीची परवानगी लागते आणि शेजाऱ्याचं ना हरकत पत्र लागतं. मी घैसासांकडे अर्ज घेऊन गेलो. त्यांनी चष्मा लावला, अर्ज वाचला, त्यातली ‘कृपया’ची जागा बदलायला लावली आणि सही केली.

“आता शेजारी म्हणून पण एक सही द्या,” मी म्हणालो.

“शेजारी म्हणून माझी हरकत आहे. तुमचं कपाट ज्या भिंतीला लागणार, तिच्या पलीकडे माझं डोकं असतं.”

“पण आत्ताच तुम्ही परवानगी दिलीत.”

“ती सेक्रेटरीनं दिली. तो नियमानं वागतो. मला झोप लागते.”

शेवटी त्यांच्या पत्नी मंदाकिनीकाकूंनी मध्ये पडून घैसासांची कॉट समोरच्या भिंतीला हलवली, तेव्हा कुठं शेजाऱ्याची हरकत मिटली. तरी जिन्यात दुसऱ्या दिवशी पाटी लागलीच: ‘दुपारी एक ते चार ठोकाठोक बंद. ज्यांना राहवत नसेल त्यांनी ती स्वतःच्या कपाळावर करावी.’ खाली कोणाचं नाव नव्हतं. अख्ख्या इमारतीत त्या महिन्यात हातोडा माझ्याकडेच होता.

सुतार मिळाला कोंडीराम. मुळशीकडचा. आम्ही टिंबर मार्केटातून सागवान आणलं, कारण वीस वर्षं टिकायचं तर सागवानच. कोंडीराम रोज बारा वाजता यायचा. चहा घ्यायचा, हत्यारं एकेक काढून फडक्यावर मांडायचा, लाकडावरून हात फिरवायचा, पेन्सिल कानावर ठेवायचा. तेवढ्यात एक वाजायचा. मग तो पंख्याखाली आडवा व्हायचा आणि चारला उठायचा.

“निगतो साहेब. शेवटची यष्टी हाय.”

“अहो, शेवटची एसटी चारला असते?”

“बसायला मिळती ती चारचीच हाय.”

कोंडीरामच्या गैरहजेरीत सल्ले यायचे. पहिल्या मजल्यावरच्यांनी डोकं दक्षिणेला असावं असं सांगितलं, दुसऱ्या मजल्यावरच्यांनी टेबल पूर्वेला. दोन्ही पाळलं तर दार बंद होईना. रंगावरून तर घरातच दोन तट पडले. नम्रताला गुलाबी हवा होता. गुलाबी पाच वर्षांच्या मुलीला ठीक आहे, पण एकोणीस वर्षांच्या मुलीच्या मैत्रिणी आल्यावर तिला काय वाटेल, हा विचार कोण करणार? पिवळा पोरकट, निळा थंड, हिरवा दवाखान्याचा. सगळ्या वयांना चालेल असा रंग मी आठ दिवस शोधला आणि अखेर फिकट बदामी सापडला.

रंगारी गेल्यावर नम्रता दारात बराच वेळ उभी राहिली. “छान आहे,” ती म्हणाली. “आता ‘येथे थुंकू नये’ एवढं लिहून घ्या.”

मी खचलो नाही. भविष्यकाळाची मी जेवढी तयारी केली तेवढी पुण्यात कुणी केली नसेल. टेबलाच्या मधोमध संगणकासाठी खळगा ठेवला. टीव्ही कसे दिवसेंदिवस मोठे होत गेले ते मी पाहिलं होतं, त्यामुळे पुढे संगणकाचं डबडं केवढं मोठं होईल याचा हिशोब करून खळगा चांगला हातभर खोल केला. आज आमचं मांजर त्यात पाय पसरून झोपतं. कॉलेजच्या मुलींना फोन फार लागतो, म्हणून भिंतीत टेलिफोनची जोडणी तीन ठिकाणी काढून घेतली. सीडी ठेवायला अख्खी भिंतभर मांडणी केली. आमोदनं ती बघून “वॉव” म्हटलं होतं, ते कौतुकानं नव्हतं हे मला पुढे कळलं.

खोली झाली. शेजाऱ्यांना आणि आमोदला पोह्यांना बोलावलं. सगळ्यांनी सागवानावर बोटांनी टकटक करून पाहिलं. पलंग पाच फूट चार इंचांच्या माणसाला आरामात पुरेल असा, खाली सामान मावेल इतका उंच. टेबल उंच, खुर्ची उंच, आरसा उंच. आमोदनं खोलीच्या मध्यभागी उभं राहून गोल फिरून पाहिलं.

“सॉलिड आहे, भावोजी,” तो म्हणाला. “कुणाची केबिन?”

मेहुण्याकडे दुर्लक्ष करता येतं. वल्लरीकडे येईना. तिनं तक्रार काहीच केली नाही, हेच वाईट होतं. पहिल्या संध्याकाळी मी तिला उचलून पलंगावर बसवलं, ती लटकत्या पायांनी थोडा वेळ बसली, मग म्हणाली, “बाबा, उतरवा.” रात्री ती पुन्हा माझ्या बरगडीशी. दुसऱ्या दिवशीही तेच. आम्ही गोष्टी सांगितल्या, बाहुल्या नेऊन ठेवल्या, चॉकलेट कबूल केलं. ती खोलीच्या दारात चप्पल काढायची, आत डोकावायची आणि बाहुल्या परत घेऊन यायची. मे संपत आला. कपाटाच्या दांडीपर्यंत तिचा हात पोचत नव्हता, बटणापर्यंत पोचत नव्हता, आणि आरशात तिला फक्त समोरच्या भिंतीवरचं घड्याळ दिसत होतं. मी म्हणत होतो, सवय होईल. वाढत्या अंगाच्या बुटांची मला झाली होतीच की.

एकदा संध्याकाळी मी ऑफिसातून आलो तर ती दारात उभी राहून आपल्या फ्रॉकच्या टोकानं पलंगाच्या पायावरची धूळ पुसत होती. मला बरं वाटलं. स्वतःच्या वस्तूची काळजी घेते म्हटलं.

“बाबा,” ती म्हणाली, “ती ताई कधी येणार?”

“कोण ताई?”

“जिची ही खोली आहे ती.”

 मी खाली बसलो आणि तिला जवळ घेऊन समजावलं, की अगं वेडे, ताई वगैरे कुणी यायची नाही, ती ताई म्हणजे तूच. मोठी झालीस की. तिनं ते नीट ऐकून घेतलं. खोलीकडे एकदा पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

“मग मी कुठं जाणार?” तिनं विचारलं.

मी रोज लोकांना मृत्यूनंतरचे फायदे समजावून सांगतो. त्या संध्याकाळी मी तिच्या फ्रॉकच्या टोकाची धूळ झटकत बसलो.

त्यानंतर वल्लरी घरात कमी आणि घैसासांकडे जास्त दिसू लागली. मी तिला आणायला गेलो तर ती त्यांच्या स्वयंपाकघरात एका पाटावर बसली होती, समोर दुसरा पाट पालथा घालून त्यावर कागद पसरलेला, आणि ती जीभ बाहेर काढून हत्ती रंगवत होती. मंदाकिनीकाकू शेजारी शेंगा सोलत होत्या.

“राहू दे हो तिला,” काकू म्हणाल्या. “रोज येते. इथं तिचे पाय टेकतात जमिनीला.”

घैसासांनी वर्तमानपत्र खाली केलं. “पाच फूट चार इंचांची मुलगी आली की कळवा, श्रीनिवासराव. तोवर ही इथं बसते.”

मी वल्लरीला न घेताच घरी आलो. अपमान फार झाला. पण खरं सांगायचं तर अपमानापेक्षा दुसरंच काही तरी टोचत होतं. माझी मुलगी शेजाऱ्याच्या पाटावर सुखात होती आणि तिच्यासाठी जिवाचं रान करून केलेल्या खोलीत तिला पाहुण्यासारखं वाटत होतं. मी खोलीत गेलो, गुडघ्यांवर बसलो, म्हणजे वल्लरीच्या उंचीवर आलो, आणि इकडेतिकडे पाहिलं. मला टेबलाची खालची बाजू दिसली. कोंडीरामनं तिथं रंधा मारला नव्हता.

मी ठरवलं, पाय कापायचे. पलंगाचे, टेबलाचे, खुर्चीचे. शाळा सुरू व्हायच्या आत.

कोंडीरामला निरोप धाडला. तो आला, ऐकून घेतलं आणि पलंगाच्या पायाला हात लावून उभा राहिला. “सागवान हाय साहेब,” तो म्हणाला. “माज्या हातानं न्हाई व्हनार.” चहा पिऊन तो चारच्या आधीच निघून गेला. तेव्हा मीच कापणार असं मी नम्रताला सांगितलं. तिनं आधी माझ्या बोटांकडे पाहिलं आणि मग घरात आयोडीन आहे का ते पाहिलं. करवत मागायला मी घैसासांकडे गेलो.

“कशाला हवी?”

मी सांगितलं. ते आत गेले, करवत, पेन्सिल, काटकोन बघायचा गुण्या आणि सपाटी बघायची पाणसळ घेऊन आले आणि माझ्यापुढे चालू लागले. खोलीत त्यांनी पलंगाखाली वाकून पाहिलं, घड्याळ पाहिलं आणि करवत मांडीवर घेऊन खुर्चीवर बसले.

“काय झालं?”

“एक वाजून दहा मिनिटं.”

“अहो, नियम तुमचाच आहे.”

“म्हणूनच.”

आम्ही दोघं चार वाजेपर्यंत त्या बदामी खोलीत समोरासमोर बसून राहिलो.  तेवढ्या वेळात एकच वाद झाला. कापलेल्या तुकड्यांचं काय करायचं? टाकून देणं या शब्दाचा विचार आमच्यापैकी कुणाच्याच मनात आला नाही. सदाशिव पेठेत श्रीखंडाचा रिकामा डबा टाकत नाहीत, तिथं सागवान कोण टाकेल. आणि त्या वादात मला सुचलं. पाय एकदम कशाला कापायचे? त्यांचे सारखे ठोकळे पाडायचे, प्रत्येकात खुंटी आणि भोक करायचं आणि वल्लरी वाढेल तसा दर वाढदिवसाला प्रत्येक पायाखाली एकेक ठोकळा परत बसवायचा. हप्त्याहप्त्यानं. ही कल्पना माझी होती. घैसास हे आजही कबूल करत नाहीत.

चारच्या ठोक्याला करवत चालली. एक टोक त्यांच्याकडे, एक माझ्याकडे. भुसा दोघांच्या मिशांत गेला. अंगठा माझा कापला, आयोडीन होतंच. दुसऱ्या दिवशीही चारला सुरू केलं, तिसऱ्या दिवशी संपलं. घैसासांनी प्रत्येक ठोकळ्यावर पेन्सिलीनं खूण केली, पलंग, टेबल आणि खुर्चीवर पाणसळ ठेवून बुडबुडा मध्ये आला का ते पाहिलं, आणि नम्रतानं ठोकळ्यांची पिशवी माळ्यावर पंख्याच्या खोक्यात ठेवली. आरसाही मी उतरवून खाली लावला. आता त्यात मला माझं पोट दिसत होतं.

वल्लरी आली. ती दारात चप्पल काढायला वाकली आणि तशीच थांबली. मग चप्पल घालूनच आत आली. खुर्चीत बसली. दोन्ही पाय जमिनीवर टेकवले, उचलले, पुन्हा टेकवले. आरशासमोर जाऊन स्वतःला जीभ दाखवली. पलंगावर चढली आणि उडी मारली, पुन्हा चढली.

“ताई नाही येणार ना आता?” तिनं मला विचारलं.

“येईल गं. सावकाश येईल. घाई नाही.”

“तिला सांगा, मी राहते इथं.”

त्या रात्री ती तिथं झोपली. आम्ही दोघं आमच्या पलंगावर मधली जागा सोडून झोपलो, आणि बरगडीला काही लागत नसल्यामुळे मला झोप आली नाही. शाळा सुरू व्हायला तेव्हा चार दिवस बाकी होते.

पुढची वर्षं ठोकळ्यांनी गेली. वाढदिवसाला केक कापायच्या आधी पलंग उचलायचा असा आमच्याकडे रिवाज पडला. आमोद एक बाजू धरायचा. त्याच्या मुलाच्या खोलीत डायनोसॉर जाऊन क्रिकेट, क्रिकेट जाऊन गिटार येऊन गेली होती, आणि पलंग धरताना तो थीमबद्दल बोलत नसे. घैसास पाणसळ घेऊन यायचे, बुडबुडा बघून मान हलवायचे आणि केकचा मोठा तुकडा मागून घ्यायचे. वल्लरी ठोकळे स्वतः माळ्यावरून काढायची. आधी तिला मी उचलायचो, मग ती स्टुलावर चढायची, मग स्टूलही लागेनासं झालं. ती मोजायला भिंतीशी उभी राहिली की मी म्हणायचो, “वाढ, वाढ, अजून बरंच आहे.” मला घाई होती. पाच फूट चार इंचांचा माझा अंदाज खरा ठरवून दाखवायचा होता.

आता ती दहावीत आहे. पलंगाचे ठोकळे गेल्याच वर्षी संपले. खुर्चीचेही. टेबलाचे शेवटचे चार तेवढे उरले होते. परवा वाढदिवस झाला. “बाबा, लावा ना आज. गुडघे आपटतात,” ती म्हणाली आणि आमोदनं बाह्या सरसावल्या. माळ्यावर मी चढलो. मीच चढतो म्हणालो.

पंख्याच्या खोक्यात चारही ठोकळे होते. घैसासांची पेन्सिल अजून दिसत होती. मी खोक्याशेजारी वाकून बसलो आणि एकदम मला कळलं, की हे लावले की खोली पुरी झाली. आमच्या कार्यालयात पॉलिसी पुरी झाली की ग्राहक येतो, सही करतो, सगळं घेऊन जातो आणि पुन्हा कधी दिसत नाही. त्याच्या आनंदात आम्ही आनंद मानतो. मला आनंद झाला नाही. मी तीन ठोकळे हातात घेतले आणि चौथा शर्टाच्या आत टाकला.

“एक सापडत नाही,” खाली येऊन मी म्हणालो.

घैसासांनी पाणसळ खिशात ठेवली. चार पायांचं टेबल तीन ठोकळ्यांवर उभं राहत नाही हे इंजिनियरला सांगावं लागत नाही. नम्रतानं माझ्या शर्टाकडे पाहिलं, तिथं चांगलाच उंचवटा आला होता, आणि ती “केक कापू या” म्हणाली.

तो ठोकळा आता माझ्या ऑफिसातल्या खणात आहे. किल्ली माझ्याकडे असते. संध्याकाळी वल्लरी अभ्यासाला बसते, गुडघा टेबलाला आपटतो, आणि आतून तिची हाक येते, “बाबा, सापडला का?”

“शोधतोय,” मी बाहेरून सांगतो.